चबुतऱ्यावरचा चौदा नंबर

आकडा वाचावा तर या जावयानेच! हे गावातलं दुसरं कुणी म्हणत नव्हतं, तो स्वतःच म्हणायचा, आणि दिवसातून दोनदा तरी म्हणायचा.

पाणीपुरवठा खात्यात तो मीटर वाचण्याचं काम करायचा. जिन्याखालचे मीटर, न्हाणीघरामागचे मीटर, आणि एकदा तर कुत्र्याच्या खोपट्यात गेलेला मीटर. काचेवर शेवाळ असो की कोळ्याचं जाळं असो, हा पठ्ठ्या काठीला बांधलेला आरसा आणि टॉर्च घेऊन आत घुसायचा तो आकडा घेऊनच बाहेर यायचा. बारा वर्षांत एक आकडा चुकला नव्हता. "माझ्या हातून चुकीचं रीडिंग गेलं तर मिशी उतरवीन!" असं तो छातीठोकपणे सांगायचा. मिशी त्याला नव्हती, पण आत्मविश्वास भरपूर होता.

अशा माणसाला सुट्टीच्या दिवशीही आकड्यांवाचून चैन कशी पडणार? म्हणून त्याने जुन्या विमानांचा नाद धरला. लढाऊ विमानांचा नाही, ती काय, सगळ्यांनाच आवडतात. याला आवडायची ती शिकाऊ वैमानिकांची विमानं. पुढे विद्यार्थी, मागे शिक्षक, गोल नाक, आखूड पंख, आणि चेहऱ्यावर कायम 'मी काय केलं?' असा भाव. त्या जातीची चाळीस विमानं एकेकाळी हवाई दलाने घेतली होती. ती आज कुठे आहेत, याची यादी करायचा त्याने ध्यास घेतला होता. एक शाळेच्या मैदानात सापडलं, एक बागेत घसरगुंडी होऊन बसलेलं सापडलं, एकाचे नुसते पंख एका गोठ्यावर छप्पर म्हणून सापडले. चाळीसपैकी एकोणचाळीस झाली. राहिलं ते सत्तावीस नंबर. कागदोपत्री ते गावाबाहेरच्या हवाई तळावर आलं होतं, आणि तिथून कागदोपत्रीच गडप झालं होतं.

आता गंमत अशी, की त्याच तळावर त्याच्या सासऱ्यांनी पस्तीस वर्षं फिटर म्हणून काढली होती. तळावर त्यांना सगळे 'उस्ताद' म्हणत. पाहिल्याशिवाय सही नाही, हा त्यांचा कायदा. तपासलेल्या प्रत्येक भागावर ते त्रिकोणात सात आकडा असलेला आपला शिक्का ठोकत. सवय इतकी हाडात मुरलेली, की घरातल्या पातेल्यांच्या बुडाशीही तोच शिक्का! मुलीच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सही करण्याआधी ते सगळ्या गुणांची बेरीज करून पाहत. लग्न ठरवताना जावयालाही त्यांनी दीड तास तपासलं होतं, आणि शेवटी 'चालेल' असा शेरा दिला होता. नऊ वर्षांत जावयाची त्यापुढे बढती झाली नव्हती.

जावयाला ते फार लागायचं. सत्तावीस नंबर सापडलं की यादी पुरी होईल हे तर खरंच, पण सासऱ्यांच्या तोंडून एकदा 'शाब्बास' निघेल, ही त्याची खरी भूक होती. पंचाईत अशी, की विमानांचा विषय काढला की सासरे उठून नळाचा वॉशर बदलायला जात. तळावर दर वर्षी लोकांना आत सोडायचा एक दिवस असे. त्या दिवशी नेमका त्यांचा गुडघा दुखे. कधी डोळा, कधी पाठ. तीस वर्षांत ते एकदाही गेले नव्हते.

यंदा मात्र जेवताना जावई म्हणाला, "उद्या मी एकटाच जातो. टॉर्च आणि आरसा नेतोय."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "टॉर्च कशाला?"

"तळावर ते चबुतऱ्यावर ठेवलेलं विमान आहे ना, त्याची कारखान्यात ठोकलेली नंबराची प्लेट वाचायला. एरवी भोवती साखळी असते. उद्या तिथे नवा पितळी बोर्ड बसवणार आहेत, त्यामुळे साखळी काढली असेल, शिडीही असेल. संधी आहे!"

"त्याच्यावर चौदा रंगवलंय की एवढं मोठं! प्लेट कशाला वाचायला हवी?"

"रंग काय बाबा, कुणीही फासतो. प्लेट खोटं बोलत नाही."

सासऱ्यांनी पाण्याचा पेला उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. "मीही येतो," ते म्हणाले.

"आणि गुडघा?" जावयाच्या बायकोने विचारलं.

"गुडघाही येईल!" सासरे खेकसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिघं तळाच्या फाटकातून आत शिरले. समोरच चबुतऱ्यावर ते विमान नाक वर करून उभं होतं. पिवळाधमक रंग, बाजूवर हातभर उंचीचा चौदा. खाली खुर्च्या मांडलेल्या, आणि त्यांवर वीस-पंचवीस म्हातारे कोट घालून बसलेले. ही सगळी मंडळी चौदा नंबरमध्येच पहिल्यांदा एकटी उडाली होती. दोनशे अकरा विद्यार्थ्यांना त्या विमानाने एकही अपघात न होता पहिलं उड्डाण करवलं होतं, आणि तसं लिहिलेल्या पितळी बोर्डावरचा पडदा अकरा वाजता दूर व्हायचा होता. सासऱ्यांना पाहताच म्हाताऱ्यांत एकदम कुजबुज झाली. दोघं-तिघं तर उठून उभेच राहिले. सासरे मात्र एका खांबाआड जाऊन बुटाची नाडी बांधू लागले. त्यांच्या बुटांना नाडी नव्हती.

इकडे जावई शिडीवर पोहोचलासुद्धा! चाक जिथे दुमडून आत जातं, त्या खोबणीत त्याने आरसा सरकवला, टॉर्च मारला, आणि शिडीवरून पडता पडता वाचला.

"सत्तावीस!" तो किंचाळला. "अहो, हे सत्तावीस आहे! चौदा नाहीच!"

हे ऐकायला नेमक्या शिडीच्या पायथ्याशी संग्रहालयाच्या मॅडम उभ्या होत्या. तळावरच्या सगळ्या जुन्या विमानांची जबाबदारी त्यांच्याकडे. बाई शांत. इतकी भयंकर बातमी ऐकूनही त्यांनी आधी खुर्च्यांकडे पाहिलं, मग खांबाकडे पाहिलं, आणि मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही खाली या, आणि आवाजही खाली आणा."

"मॅडम, बोर्ड थांबवा! नंबर चुकीचा आहे!"

"असेल. पण मग चौदा कुठे आहे? ते दाखवल्याशिवाय मी काहीच थांबवू शकत नाही. तिकडे, अग्निशमन शेडच्या मागे, गवतात एक जुना सांगाडा पडलाय. त्याची प्लेट वाचून या. घाई करू नका हं, नीट वाचा."

आपल्या कामाची इतकी कदर आजवर कुणी केली नव्हती! जावई निघाला तो धावतच. बायको म्हाताऱ्यांशी गप्पा मारत बसली. सासरे मात्र गुडघा, पाठ, डोळे सगळं विसरून जावयामागे निघाले.

शेड चांगला एक किलोमीटरवर. कमरेएवढ्या गवतात ते विमान पोटावर बसलं होतं. ना चाकं, ना काच, एक पंख मोडलेला, आणि अंगभर काजळी. डाव्या पंखाखाली एक चौकोनी ठिगळ तेवढं दिसत होतं.

"यात काही नाही," सासरे म्हणाले. "साप असतील. चला."

"बाबा, टॉर्च धरा जरा."

सासऱ्यांनी टॉर्च धरला, पण आभाळाकडे.

"खाली, बाबा."

आता टॉर्च जावयाच्या डोळ्यांवर आला. मग तो विझला. मग गवतात पडला. शोधून दिला तर आतला सेल नाहीसा! पस्तीस वर्षं सुईच्या अग्राएवढी भेग अंधारात शोधणारा माणूस, आणि एक टॉर्च धरता येईना? जावयाला वाटलं, म्हातारपण आलं बिचाऱ्यांना. शेवटी त्याने मोबाइलचा दिवा लावला आणि डोकं खाली, पाय वर अशा थाटात मागच्या सीटमध्ये सूर मारला. चाकाची खोबणी जमिनीत रुतलेली, पण नंबराची दुसरी प्लेट सीटच्या पाठीमागे होती. पुसली. चौदा! आणि प्लेटशेजारी तारेने बांधलेली पत्र्याची एक चिठ्ठी लोंबत होती. तिच्यावर ठोकून कोरलेलं होतं: 'क्रमांक चौदा. चबुतऱ्यासाठी. तपासले.' खाली त्रिकोणात सात. आणि त्याखाली तारीख.

तारीख वाचून जावई जागच्या जागी थिजला. आकडे तो विसरत नसे, आणि हा तर अजिबातच विसरणं शक्य नव्हतं. दिवस, महिना, साल, सगळं जुळत होतं. तो त्याच्या बायकोचा जन्मदिवस होता!

यावर तो आणखी विचार करणार, तोच बाहेर भोंगा वाजला.

"रसिकहो," कर्ण्यावरून आवाज आला, "आता आपले जवान जळत्या विमानातून जखमी वैमानिकाची सुटका करतील!"

मॅडमनी अग्निशमन प्रमुखाला फोन करून एवढंच सांगितलं होतं, 'एक गृहस्थ येतायत, त्यांना अकरापर्यंत गुंतवून ठेवा.' प्रमुख आज्ञाधारक होता. गवतापलीकडे प्रेक्षक जमलेच होते, त्यामुळे साडेअकराचं प्रात्यक्षिक त्याने एक तास अलीकडे ओढलं. फक्त गृहस्थ कुठपर्यंत पोहोचलेत, हे त्याने पाहिलं नव्हतं.

"थांबा!" सासरे ओरडले. "आत माणूस आहे!"

"असतोच, काका. दर वर्षी असतो," प्रमुख प्रेमाने म्हणाला. "पेंढ्याचा."

"हा जावई आहे माझा!"

पण तोवर बंबातून फेसाचा लोंढा सुटला होता! नशीब एवढंच, की घाईत आग लावायची राहून गेली होती. जावयाच्या कानांत फेस, नाकांत फेस, खिशांत फेस. पाय धरून कुणीतरी ओढलं. चौघांनी त्याला स्ट्रेचरवर आपटलं आणि पळत सुटले. प्रेक्षकांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. जखमी वैमानिक स्ट्रेचरवरून 'मी मीटरवाला आहे, मीटरवाला!' असं ओरडत गेला, तेव्हा एक बाई शेजारणीला म्हणाली, "बघा, बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. किती हुबेहूब करतात ना!"

शेडच्या मागे त्याला बाकावर बसवून जवान पुढच्या कामाला गेले. सासरे धापा टाकत आले. जावयाची मूठ अजून घट्ट मिटलेली होती आणि बोटांतून तार लोंबत होती. सासऱ्यांनी ती तार पाहिली आणि शेजारी बसले.

"सापडली," ते म्हणाले.

जावयाने कानातला फेस झटकला.

"पाच विमानं ओळीत उभी होती. रंग खरवडून काढलेला, त्यामुळे नंबर कुणावरच नव्हता. डावीकडून दुसरं ते चौदा. मी स्वतः तपासलं, चिठ्ठी बांधली. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला, की दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्यात. मी पळालो. फाटकावर क्रेनवाला कागद घेऊन उभा. 'उस्ताद, सही!' म्हणाला. केली. पाहिलं नाही." सासऱ्यांनी नाक ओढलं. "त्याने ओळ उजवीकडून मोजली. मी दोन दिवसांनी आलो तर चबुतऱ्यावरचं सिमेंट वाळलेलं, वर चौदा रंगवलेला, आणि तळाचे प्रमुख त्याला सलाम ठोकतायत! सांगणार कसं? बसलो मूग गिळून. पस्तीस वर्षांत न पाहता केलेली सही ती एकच."

"म्हणून तुम्ही दर वर्षी..."

"ती म्हातारी माणसं त्या विमानाकडे पाहून डोळे पुसतात हो! कुठल्या तोंडाने समोर जाऊ?" मग ते ताठ बसले. "पण तुम्ही सांगा. प्लेट वाचलीत ना? मग जे आहे ते सांगायचं. मी अडवणार नाही."

जावयाने मूठ उघडून पुन्हा मिटली. बारा वर्षांचा मीटरवाला एका मांडीवर बसला होता आणि नऊ वर्षांचा जावई दुसऱ्या. सत्तावीस नंबर सापडलं होतं, यादी पुरी झाली होती, आणि ती जगाला दाखवायची तर शेजारच्या म्हाताऱ्याला पंचवीस माणसांसमोर उघडं पाडावं लागणार होतं. त्याला सासऱ्यांची मनापासून दया आली. दया आल्याचं त्यालाच नवल वाटलं.

दोघं चबुतऱ्यापाशी परतले तेव्हा अकराला दोन मिनिटं होती. जावयाच्या अंगावरून फेसाचे गोळे टपटप गळत होते. बायकोने त्याला आपादमस्तक पाहिलं आणि बापाला विचारलं, "यांना धुतलं कुणी?"

मॅडम माइकसमोर उभ्या होत्या. त्यांनी वाकून हलकेच विचारलं, "मग? प्लेटवर काय होतं?"

"माझीच चूक झाली," जावई म्हणाला. "आरशात उलटसुलट दिसलं. हे चौदाच आहे. सांगाड्यावर तर काही वाचताच येत नाही."

बारा वर्षांतलं पहिलं खोटं रीडिंग! त्याला वाटलं, आता आभाळ कोसळेल. आभाळ जागेवर राहिलं, पण माइक चालू होता. 'हे चौदाच आहे' हे शब्द चारही कर्ण्यांतून साऱ्या तळावर घुमले.

"छान," मॅडमनी सुटकेचा श्वास सोडला. "मलाही तसंच..."

"साफ चूक!" मागून गर्जना झाली.

खुर्च्यांच्या मधून सासरे ताडताड पुढे येत होते. चुकीचं रीडिंग कर्ण्यावरून जाहीर व्हावं आणि त्यांनी ऐकून घ्यावं, हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी माइक ओढून घेतला.

"हे सत्तावीस आहे. चौदा तिकडे गवतात काजळी खात पडलंय. चूक क्रेनवाल्याची नाही, माझी. मी न पाहता सही केली. तीस वर्षं लपवलं. आता काय शिक्षा करायची ती करा!"

म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. मग पहिल्या रांगेतला सर्वांत वयस्कर वैमानिक काठी टेकत उठला.

"उस्ताद, चौदाने मी एकदा झाडाचा शेंडा घासला होता, आठवतं? डाव्या पंखाखाली तुम्हीच ठिगळ लावलंत आणि वर मला शिव्या दिल्यात."

"आठवतं."

"या विमानाला ठिगळ कुठाय?"

सासऱ्यांनी मान वर करून डावा पंख पाहिला. गुळगुळीत!

"पहिल्याच दिवशी कळलं आम्हाला," म्हातारा म्हणाला. "सगळ्यांना. पण तुम्हाला त्याच दिवशी मुलगी झाली होती. इतके आनंदात होता तुम्ही! म्हटलं, कोण बोलणार? आणि नंतर तर तुम्ही चबुतऱ्याकडे फिरकायचेच बंद झालात."

मॅडमनी फाइल उघडून दाखवली. तळावर नवा संग्रहालय प्रमुख आला की जुना त्याला जी कामांची यादी द्यायचा, तिच्यात तिसऱ्या क्रमांकावर स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं: 'चबुतऱ्यावरचं विमान सत्तावीस आहे. उस्तादांना कळू देऊ नये.'

"अगं, तुला तरी हे ठाऊक होतं का?" जावयाने बायकोला विचारलं.

"आईने केव्हाच सांगितलंय. दर वाढदिवसाला सांगते. बाबा वॉशर बदलायला गेले की."

सासरे आधी रडले. मग चिडले. "तीस वर्षं! तीस वर्षं मी हा चबुतरा टाळला, नोकरीत असताना मागच्या फाटकाने ये-जा केली, आणि तुम्ही सगळे मेजवान्या झोडत होतात?" मग पुन्हा रडले. मग म्हाताऱ्यांनी त्यांना मधोमध बसवून चहा पाजला. चौदाला गवतातून काढून शेडमध्ये आणायचं, अग्निशमनवाल्यांना दुसरं काहीतरी भिजवायला द्यायचं आणि पितळी बोर्ड चौदाच्या शेजारी लावायचा, असं तिथल्या तिथे ठरलं. चबुतऱ्यावर सत्तावीसचा नवा बोर्ड येणार होता.

"पण नियमाप्रमाणे ओळख पटवल्याचा कागद लागेल," मॅडम म्हणाल्या. "प्लेट वाचणाऱ्या दोघांच्या सह्या."

सासऱ्यांनी चष्मा लावला, जावयाचा आरसा घेतला आणि शिडी चढले. चहा निवला, ऊन चढलं, दोन म्हातारे पेंगले, तरी ते खाली येईनात. त्यांनी ती प्लेट उजवीकडून वाचली, डावीकडून वाचली, बोटाने चाचपून वाचली. पाऊण तासाने ते उतरले. "सत्तावीस. पाहिलं," असं म्हणून त्यांनी ठसठशीत सही केली.

"आता तुम्ही," मॅडमनी कागद जावयापुढे सरकवला. जावयाने खिशातून पेन काढलं. पेनातून फेस निघाला, पण त्याची छाती फुगली होती. चाळीसपैकी चाळीस! आणि सासऱ्यांच्या सहीखाली आपली सही!

सासऱ्यांनी शांतपणे कागद बाजूला ओढला. रुमाल काढून त्यांनी जावयाच्या कानातला उरलासुरला फेस हलक्या हाताने पुसला, आणि मॅडमना म्हणाले,

"यांची सही नको. दुसरा कुणीतरी बघा. यांनी मघाशी चौदा वाचला होता."